पाळीव इग्वानाचा आहार: गोव्यातल्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या घरी 2015 पासून एक हिरवा इग्वाना आहे. आणला तेव्हा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वीतभर होता, आता सव्वा मीटरच्या पुढे गेलाय. नाव राजा ठेवले. चौथ्या वर्षी राजाने अंडी घातली, पण तोवर नाव तोंडात बसले होते, म्हणून तेच राहिले. घरी येणारे लोक आणि त्यांच्या ओळखीतून फोन करणारे इग्वानावाले साधारण तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही गार आहे का?

पाहुण्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच. नाही, गार म्हणजे आपली घोरपड. ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधली आहे आणि तिला पाळणे गुन्हा आहे. घुमट या वाद्याला पूर्वी तिचेच कातडे लावत, आता बकऱ्याचे लावतात. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. दोघांची शेपटी लांब आणि जीभ बाहेर येते, एवढ्यावर लोक त्यांना भाऊ-भाऊ ठरवतात आणि खाण्याचा घोळ तिथूनच सुरू होतो. घोरपड किडे, खेकडे, बेडूक, पक्ष्यांची अंडी असे सगळे मटकावते. इग्वाना पाला खातो. "गारीला अंडे चालते, मग याला का नको?" असे कोणी म्हणाले, तर गाईला मासे का घालत नाही, असे त्याला विचारावे.

पाला म्हणजे फक्त पाला? त्यावर एवढे मोठे जनावर जगते?

जगते, आणि चांगले पंधरा-वीस वर्षे जगते. त्याचे दात बघा. बारीक, चपटे, कडेने करवतीसारखे. पान फाडायला उत्तम, चावायला निरुपयोगी. तो घास फाडतो आणि गिळतो. पुढचे काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. तिथे पाला आंबतो आणि त्यातून त्याला ताकद मिळते. हे आंबवणे उबेवर चालते. अंग गार पडले तर पोटातला पाला तसाच पडून राहतो. म्हणून आहाराचा विषय निघाला की मी आधी दिव्याबद्दल विचारतो आणि मग भाजीबद्दल. समोरच्याला ते विचित्र वाटते.

जंगलात अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि ते जिवाणू पोटात घेतात. तुम्हाला घरी तसे काही करायचे नाही. मात्र या जिवाणूंना अचानक बदल सोसत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

रोज ताटात नेमके काय घालायचे?

परदेशी याद्यांमध्ये कोलार्ड, डँडेलियन, टर्निपची पाने अशी नावे असतात. ती शोधत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पालथा घालू नका. आपल्या परसात त्याच तोलामोलाच्या गोष्टी आहेत.

शेवग्याचा पाला सगळ्यात वरचा. त्यात कॅल्शियम भरपूर, झाड एकदा लावले की तोडाल तेवढे फुटते आणि फवारणीचा प्रश्न नाही. आमच्याकडे न्हाणीघरामागे एक झाड आहे. राजाची अर्धी शिधासामग्री त्यावरच चालते. डहाळी तशीच टांगली की ती ओढून ओढून खाते. पिल्लाला मात्र पाने सोडवून द्यावीत.

दुसरी जास्वंद. कोवळी पाने आणि फुले, दोन्ही. लाल फूल दिसले की राजा दुसरे काही बघत नाही. त्यावरून आमच्या घरी सकाळी वाद असतो, कारण आईला ती फुले देवाला हवी असतात. तह असा झालाय की उमललेली देवाची आणि आदल्या दिवशीची सुकलेली राजाची.

तुतीची पाने मिळत असतील तर जरूर द्या. मोहरीची पाने, मुळ्याचा पाला, मेथी, कोथिंबीर आलटून पालटून चालतात. मोहरी, मुळा, कोबी या एकाच कुळातल्या भाज्या रोज उठून दिल्या तर थायरॉइडच्या कामात अडथळा येतो, पण फेरपालटात काही बिघडत नाही.

ताटाचे पाचांतले चार भाग पाला. उरलेल्यात तांबडा भोपळा किसून, भेंडीच्या चकत्या, चिटकी म्हणजे गवार, घेवड्याच्या शेंगा, थोडे गाजर. सगळे कच्चे. फोडणी नाही, मीठ नाही, खोबरे तर नाहीच. एका दिवशी निदान तीन जातींचा पाला असावा आणि आठवड्यात जाती बदलत राहाव्यात. तुकडे त्याच्या तोंडाच्या मापाने करा, कारण तो चावत नाही. वीतभर पिल्लाला नखाएवढे, मोठ्याला दोन बोटांएवढे.

पालक आणि तांबडी भाजी (लाल माठ) चालते का?

पालक क्वचित. त्यात कॅल्शियम असते, पण ऑक्झॅलेट त्याला धरून बसते आणि ते अंगी लागत नाही. तांबड्या भाजीची गोष्टही तशीच. पंधरा दिवसांतून एखादी जुडी वाटून दिली तर चिंता नको. अळू आणि पावसात उगवणारे तेरे मात्र कधीच नाही. आपल्याला कच्च्या अळवाने जिभेला खाज सुटते ना, तीच सुईसारखी स्फटिके त्याच्या घशात टोचतात, आणि त्याला कोकम लावून शिजवून कोण देणार?

कॅल्शियम आणि फॉस्फरसचा हिशेब सगळे सांगतात. तो काय आहे?

खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवे. साधारण दोनास एक हे प्रमाण उत्तम, बरोबरीच्या खाली तर जाऊच नये. फॉस्फरस वरचढ झाला की रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते. आकडे बघा: 100 ग्रॅम पपईत सुमारे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 10 मिलिग्रॅम फॉस्फरस. केळ्यात सुमारे 5 आणि 22. म्हणजे पपईत कॅल्शियम दुप्पट, तर केळ्यात फॉस्फरस चौपट. कडधान्ये, डाळी, भात, पाव हे सगळे फॉस्फरसच्या बाजूचे.

फळे किती?

जिभेपुरती. दहा घासांत एक घासही खूप झाला. पपई, अंजीर, मधूनमधून चिकू. मे महिन्यात घरात मानकुराद आला की आपल्याला वाटते, याने काय पाप केले? द्या एक फोड. पण रोज आंबा दिलात तर आठवड्याभरात तो पाल्याकडे ढुंकून बघणार नाही, आणि शीही पातळ होईल.

अंडे, चिकन, सुंगटे (कोळंबी), कधीतरी एखादा नाकतोडा?

नको. मी हे ऐकीव सांगत नाही.

राजा लहान असताना ज्या दुकानातून आणला तिथे सांगितले होते: काकडी, सॅलडची पाने, आणि "वाढीसाठी" आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे. वर्षभर मी तेच केले. एका सकाळी हाताच्या बोटांना बारीक कंप दिसला, तारेवरून वीज गेल्यासारखा. मांड्या गुबगुबीत झाल्या होत्या आणि आम्ही त्याला बाळसे समजून कौतुक करत होतो. डॉक्टरांनी खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला, तर तो रबरासारखा लवला. एक्स-रेत हाडे धुरकट दिसत होती. मांड्यांतली ती सूज होती, कमकुवत हाडाला आधार द्यायला शरीराने केलेली. सॅलडच्या फिकट पानांत पाण्याखेरीज फारसे काही नव्हते, अंड्याने फॉस्फरस वाढवला, आणि दिवा होता तो साधा पिवळा बल्ब. औषध, पाला आणि ऊन यांवर राजा सावरली, पण खालचा ओठ अजून किंचित वाकडा आहे. फोटोत ती हसल्यासारखी दिसते ती त्यामुळे.

प्राणिज प्रथिनांचा दुसरा फटका मूत्रपिंडाला. इग्वाना प्रथिनांचा कचरा यूरिक आम्लाच्या रूपात टाकतो. ते साचले की सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर खडे धरतात. हे काही आठवड्यात होत नाही, वर्षांनी होते, आणि म्हणूनच "आमचा तर रोज चिकन खातो, काही झाले नाही" म्हणणारे भेटतात. कुत्र्या-मांजरांचे दाणे याच खात्यात.

दुकानात मिळणारे इग्वानाचे तयार दाणे?

अडचणीच्या दिवसाला, पाण्यात भिजवून. कोरडे दाणे पोटातले पाणी शोषतात.

अजिबात नको अशी यादी द्या.

अवोकाडो. कण्हेर, डायफेनबाकिया, मनी प्लांट. इग्वाना घरात मोकळा फिरत असेल तर ही झाडे हलवाच. काजूची पाने: काजूच्या चिकाने कातडी भाजते हे बागायतदाराला सांगायला नको. आंबाही त्याच कुळातला, म्हणून आंब्याची पानेही मी देत नाही. कांदा-लसूण. दूध, चीज. सकाळची गरम पोई (गोव्याचा पाव), कितीही आशेने बघत असला तरी. आणि चवथीनंतर माटोळी (गणपतीवर टांगतात ती रानफळांची चौकट) उतरवली की "रानातलेच आहे, चालेल" म्हणून त्यातली फळे त्याच्यापुढे टाकू नका. माटोळीला कवंडळ बांधतात ते शोभेला, खायला नाही.

ऊन आणि दिवा यांचा जेवणाशी काय संबंध?

कॅल्शियम पोटात गेले तरी ते रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते, आणि इग्वाना ते कातडीत, उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी बनवतो. तोंडावाटे दिलेल्या ड वर त्याला विसंबून राहता येत नाही. म्हणजे शेवग्याचा डोंगर खाऊनही ऊन नसेल तर हाडे मऊच.

गोव्यात ऊन फुकट आहे, पण दोन अडचणी आहेत. एक, काच. खिडकीच्या काचेतून ऊब येते, यूव्हीबी येत नाही. "आमचा दिवसभर खिडकीत असतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलेय की आता नुसता हात जोडतो. जाळीचा पिंजरा करा, अर्ध्यावर सावली ठेवा आणि सकाळचे कोवळे ऊन अर्धा-एक तास द्या. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नका, पंधरा मिनिटांत तिची भट्टी होते. एप्रिल-मेच्या दुपारी तर पिंजराही नको. कावळे आणि शेजारचे मांजर यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवाच.

दुसरी, पाऊस. जून ते सप्टेंबर सूर्य दर्शन देईल याची खात्री नाही. त्या चार महिन्यांसाठी यूव्हीबीची नळी लागते, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, दिवसाला दहा-बारा तास. ती पेटत राहिली तरी किरण हळूहळू कमी होतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी बदला. बदलल्याची तारीख पेटीवरच लिहून ठेवा, नाहीतर विसरायला होते.

उबेसाठी वेगळा दिवा. बसायच्या फांदीवर 35 ते 38 अंश, बाकी पेटीत 27-30. पावसात करंट गेला आणि सहा-सात तास आला नाही, तर त्या दिवशी ताट आखडते घ्या. डिसेंबर-जानेवारीत वाळपई, सांगे या बाजूला रात्री पारा विशीच्या खाली येतो. तिकडे सकाळी अंग तापल्याशिवाय जेवण वाढूच नये.

कॅल्शियमची पूड द्यावी का? घरात ड जीवनसत्त्वाची पुडी आहे, तीच चिमूटभर...?

पुडी अजिबात नाही. आपल्याकडे फ्रिजच्या दारात ती 60,000 युनिटची पुडी हमखास असते, पण ती माणसाची आठवड्याची मात्रा आहे. दीड किलोच्या प्राण्याला ती दिली तर रक्तात कॅल्शियम इतके चढते की ते हृदयावर, मूत्रपिंडात जाऊन बसते.

साधी कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली पूड चालते. वाढत्या पिल्लाला जवळपास रोज चिमूटभर, मोठ्याला आठवड्यातून दोनदा. ओल्या पाल्यावर भुरभुरायची आणि हाताने कालवायची, नाहीतर ती ताटाच्या तळाशी राहते. अंड्यावर आलेल्या मादीला जास्त लागते. ते प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आमचा पाणी पिताना कधी दिसत नाही.

फार जणांचा दिसत नाही. बरेचसे पाणी त्याला पाल्यातूनच मिळते. म्हणून भाजी धुतल्यावर निथळत न ठेवता ओलीच वाढा. पसरट भांड्यात ताजे पाणी असू द्या आणि एक दिवसाआड कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटे सोडा. पाणी खांद्याच्या खाली. बहुतेक तो तिथेच घाण करतो, त्यामुळे तो टब दुसऱ्या कशालाही वापरू नका.

शिंकतो आणि काचेवर पांढरे डाग पडतात. सर्दी झाली का?

मीठ आहे ते. अंगातले जास्तीचे क्षार तो नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, फुर्र करून. मी पहिल्यांदा घाबरून वाफ द्यायला निघालो होतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, नाकातून चिकट द्रव येत असेल, तरच डॉक्टर. विष्ठेतला पांढरा भागही नेहमीचाच.

किती वेळा आणि कधी?

पिल्लाला दिवसातून दोनदा. दोन-अडीच वर्षांपर्यंत रोज. पुढे रोज किंवा एक दिवसाआड. वेळ सकाळची. दिवा साडेसातला, तासभर शेकणे, नऊला ताट. मग संध्याकाळी अंधार पडेपर्यंत पचवायला ऊब मिळते. रात्री भरल्या पोटी थंडीत झोपवू नये. उरलेले दुपारपर्यंत उचला, पावसाळ्यात त्याहून लवकर. दमट हवेत चिरलेल्या पाल्याला वास यायला वेळ लागत नाही.

किती, याला मी वाटी-चमच्याचे माप देत नाही. पाल्याने इग्वाना लठ्ठ होत नाही. खाईल तेवढे खाऊ द्या.

खाणे सोडलेय. काय करू?

आधी थर्मामीटर बघा. माझ्याकडे येणाऱ्या दर चार तक्रारींतल्या तीन उबेच्या असतात. मग विचारा: जागा बदलली का, नवीन कुत्रा आला का, कात टाकतोय का, समोर आरसा आहे का. नर माजावर असताना आठवडे-आठवडे कमी खातो.

मादी असेल तर अंडी. नराशिवायही ती अंडी धरते, आणि एका वेळी पन्नासही असू शकतात. पोटात जागाच उरत नाही, म्हणून ती जेवण कमी करत शेवटी बंद करते, कोपरे उकरत फिरते, पण डोळे तरतरीत असतात. तिला ओल्या वाळू-मातीची खोल पेटी द्या, खणायला. खाणे बंद, अंग मलूल, डोळे मिटलेले असे दिसले तर अंडी अडकलेली असू शकतात. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. राजाच्या वेळी मी दोन दिवस "गॅस झाला असेल" म्हणत काढले. 43 अंडी निघाली.

दोन वर्षे काकडी-केळ्यावर वाढलाय. पाला तोंडात घेत नाही.

उपाशी ठेवून जिरवू नका. केळे कुस्करून त्यात शेवग्याची चार पाने बारीक चिरून मिसळा. दर दोन-तीन दिवसांनी पाने वाढवा, केळे कमी करा. जास्वंदीचे फूल वर ठेवा, रंगाला भुलतात. तीन-चार आठवडे लागतात. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

बाजारच्या भाजीवर फवारणी असते. आणि त्याच्यापासून आपल्याला काही होते का?

भाजी मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. सगळे विष जाते असे नाही, म्हणून परसातले पहिले, बाजारातले नंतर. फुलवाल्याकडची फुले नकोतच. ती खायला म्हणून कोणी पिकवलेली नसतात.

उलट बाजूने भीती साल्मोनेलाची. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या आतड्यातही तो असतो. त्याची सुरी-पाट वेगळा, ताट स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचे नाही, हात साबणाने. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळायला देऊ नये.

पाळणे कायदेशीर आहे का?

इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये आले, आणि 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. घेण्याआधी विकणाऱ्याकडे कागद मागा. आणि झेपत नाही म्हणून रानात सोडू नका. फ्लोरिडात सोडलेल्या इग्वानांनी तिथे काय उच्छाद मांडलाय ते जगजाहीर आहे, आणि आपल्याकडे तर थंडीही नाही त्यांना आवरायला.

चार दिवस गावाला जायचे आहे. मागे कोण बघणार?

मोठा, तब्येतीने चांगला इग्वाना एक दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. त्याहून जास्त असेल तर शेजाऱ्यांना सांगा, पण तोंडी नको. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला दिवसागणिक वेगळ्या पिशव्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवतो, तासभर आधी बाहेर काढायला सांगतो आणि दिव्यांचा टाइमर लावून जातो. फ्रिजच्या दारावर कागद: "यातलेच. दुसरे काही नाही." शेवटचे तीन शब्द मागाहून जोडले, कारण पहिल्या खेपेला परत आलो तेव्हा शेजारच्या काकींनी पाल्याच्या शेजारी मायेने अर्धी पोई चहात भिजवून ठेवली होती.